पाटीवर काय लिहायचं? छत्तीसगडच्या तीन वर्षांच्या डॉक्टरकीचं प्रकरण

परीक्षेची पद्धत अशी. आरोग्य केंद्रात रुग्ण तपासणाऱ्या माणसासमोर एक जण येऊन बसतो आणि म्हणतो, "माझ्या लहान मुलाला जुलाब होताहेत." मूल सोबत नसतंच. विचाराल तेवढंच उत्तर मिळतं. किती दिवस झाले? दिवसातून किती वेळा? शौचात रक्त पडतं का? लघवी होते का? पाणी मागतो की मान टाकून पडून राहतो? डोळे खोल गेलेत का, पोटाची चिमूट घेतली तर कातडी लगेच मागे जाते का? दुसरा एक जण बाजूला बसून कोणता प्रश्न विचारला आणि कोणता राहिला, याच्या खुणा करत असतो. शेवटी विचारलं जातं: मुलाला झालंय काय आणि देणार काय? ओआरएस आणि झिंक म्हणणारा पास. सलाईन आणि अँटिबायोटिक म्हणणाऱ्याचं काय ते तुम्हीच ठरवा.

2010 च्या सुमाराला छत्तीसगडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत अशी परीक्षा घेतली गेली. जुलाब, न्यूमोनिया, मलेरिया, क्षय, गरोदरपणातला वाढलेला रक्तदाब, मधुमेह असे रोजचेच आजार होते. परीक्षा देणारे चार प्रकारचे: एमबीबीएस झालेले वैद्यकीय अधिकारी, आयुष म्हणजे आयुर्वेद-होमिओपॅथी वगैरे शिकलेले डॉक्टर, तीन वर्षांचा कोर्स केलेले ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणजे 'आरएमए', आणि केंद्रात डॉक्टरच नसल्यामुळे प्रत्यक्षात रुग्ण तपासणारे फार्मासिस्ट व नर्स. निकाल लागला तेव्हा एमबीबीएस आणि आरएमए बरोबरीने होते. आयुषवाले त्यांच्या मागे, आणि फार्मासिस्ट-नर्स सगळ्यांच्या मागे.

हा निकाल लागला तेव्हा तो कोर्स बंद पडलेला होता.

पटावर जागा वाढवल्या की गावात डॉक्टर येतो, असं मानून चालणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण बारकाईने पाहायला हवं. आपल्याला ते परकंही नाही. छत्तीसगड एकेकाळी मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा भाग होता आणि राजधानी नागपूर होती. आजही इंद्रावती ओलांडली की गडचिरोली संपून बिजापूर सुरू होतं, आणि हेमलकशाच्या लोकबिरादरी दवाखान्यात पलीकडचे रुग्ण येतात ते काही राज्याची हद्द विचारून येत नाहीत.

1 नोव्हेंबर 2000 ला राज्य झालं तेव्हा लोकसंख्या दोन कोटींच्या घरात, त्यात जवळजवळ एक तृतीयांश आदिवासी, आणि वैद्यकीय महाविद्यालय एकच, रायपूरचं, 1963 सालचं. प्राथमिक आरोग्य केंद्राचा हिशेब आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक आणि सपाटीवर 30 हजारांमागे एक. इमारती हळूहळू उभ्या राहतात, त्यांना ठेकेदार मिळतो. डॉक्टर मिळत नाही. सरगुजा आणि बस्तरमधल्या कित्येक केंद्रांत खुर्ची होती आणि खुर्चीत बसायला कुणी नव्हतं. जो एमबीबीएस तिथे नेमला जायचा तो हजर होऊन रजेवर जायचा आणि पीजीच्या अभ्यासाला लागायचा. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. साडेपाच वर्षं रायपूरच्या मोठ्या रुग्णालयात शिकलेल्या मुलाला क्ष-किरण यंत्राशिवाय, रक्ततपासणीशिवाय आणि बायकोच्या नोकरीशिवाय जंगलात राहायला आपण कधी शिकवलेलंच नसतं.

आता नवं महाविद्यालय काढायचं म्हटलं तर जागा, इमारत, तीनशे-चारशे खाटांचं रुग्णालय, प्राध्यापक आणि परिषदेची परवानगी एवढं सगळं लागतं. हे सगळं जमून 2001 मध्ये पहिला प्रवेश दिला असता तरी पहिला डॉक्टर 2007 च्या आसपास बाहेर पडला असता, आणि तोही गावात गेलाच असता याची खात्री कुणी द्यावी? मुख्यमंत्री अजित जोगी यांच्या सरकारने वेगळा रस्ता धरला. बारावी विज्ञान झालेल्या मुलांना तीन वर्षं शिकवायचं, वर्षभर इंटर्नशिप करायला लावायची आणि आरोग्य केंद्रात बसवायचं. भारतीय वैद्यक परिषदेची परवानगी मिळण्यासारखी नव्हती, म्हणून राज्याने 2001 मध्ये स्वतःचा कायदा केला, स्वतःचं चिकित्सा मंडळ उभं केलं आणि त्या मंडळाखाली अंबिकापूर, जगदलपूर, पेंड्रा रोड, कवर्धा अशा ठिकाणी मिळून सहा संस्था सुरू झाल्या. संस्था चालवायला खासगी मंडळी, प्रात्यक्षिकाला सरकारी रुग्णालयं, फी विद्यार्थ्यांकडून. घाई अशी की वर्ग आधी भरले आणि शिकवायचं काय, याची घडी नंतर बसत गेली. अभ्यासक्रम म्हणजे मुख्यतः एमबीबीएसचीच पुस्तकं, दाबून तीन वर्षांत बसवलेली.

इथवर धाडस म्हणून कौतुक करता येतं. पुढचा भाग वाचताना मात्र हात कपाळाला जातो.

इंडियन मेडिकल असोसिएशन कोर्टात गेली. तिचं म्हणणं असं की 1956 च्या वैद्यक परिषद कायद्याबाहेरच्या माणसाला आधुनिक वैद्यक करता येत नाही आणि राज्याला त्यातून पळवाट काढता येत नाही. कायद्याच्या अंगाने हा मुद्दा हलका नव्हता. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं हा घटनेने केंद्राकडे दिलेला विषय आहे. राज्य सरकारने मग कोर्स वाचवायला कोर्सचं नाव बदललं. नावात 'पर्यायी' शब्द आला. म्हणजे मुलं शिकत होती पेनिसिलिन आणि क्लोरोक्विन, प्रमाणपत्रावर येणार होतं पर्यायी वैद्यक. मुलं संपावर गेली. त्यांचं गाऱ्हाणं कुणालाही पटेल असं होतं: आम्ही शिकतोय ते एक, आमच्या नावापुढे लागणार ते दुसरंच. पुन्हा नाव बदललं. आधुनिक आणि समग्र वैद्यक असं काहीतरी दोन्हीकडे पाय ठेवणारं नाव ठरलं. पुन्हा आंदोलनं झाली. आम्हाला डॉक्टर लिहिता येणार का? स्वतःचा दवाखाना टाकता येणार का? पुढे शिकता येणार का? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं प्रवेश देताना माहितीपत्रकातच छापायला हवी होती. ती न छापल्यामुळे मुलांनी, आणि त्याहून जास्त त्यांच्या बापांनी, आपल्या मनाची उत्तरं धरून फी भरली. शेत विकून मुलाला 'डॉक्टर' करायला पाठवलेल्या माणसाला तीन वर्षांनी 'सहायक' हा शब्द कसा ऐकू येत असेल?

डिसेंबर 2003 मध्ये सरकार बदललं. नवे मुख्यमंत्री रमण सिंह स्वतः आयुर्वेदाचे पदवीधर आणि कवर्ध्याचेच, पण आधीच्या सरकारचं हे अडचणीचं पोर सांभाळायची हौस नव्या सरकारलाही नव्हती. तीन तुकड्यांनंतर नवे प्रवेश थांबले. आत असलेली चौदाशेच्या आसपास मुलं तेवढी पुढे सरकत राहिली. कोर्स संपला तरी हातात नेमणूक नाही, खासगी दवाखाना काढायला मुभा नाही, दुसऱ्या राज्यात कुणी विचारत नाही. मोर्चे निघाले. शेवटी 2008 च्या सुमाराला राज्याने त्यांना कंत्राटावर 'ग्रामीण वैद्यकीय सहायक' म्हणून आरोग्य केंद्रांत नेमायला सुरुवात केली. कायम नेमणुका फार नंतरची गोष्ट. काय करायचं याची यादी आखून दिली: नेहमीचे आजार, साधे टाके, अडचण नसलेलं बाळंतपण, आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याआधी सावरणं.

म्हणजे बघा. कोर्स काढला तो राज्याला माणसं हवी होती म्हणून, आणि माणसं तयार झाली तेव्हा त्यांना नेमायला मोर्चे काढावे लागले. मनुष्यबळाचं नियोजन हा शब्द सरकारी कागदावर फार गुळगुळीत वाटतो, प्रत्यक्षात शिक्षण खातं, आरोग्य खातं, विधी खातं आणि वित्त खातं या चौघांनी एकाच गाडीत बसायचं असतं. इथे गाडी सुटल्यावर एकेक जण धावत येऊन डब्याला लोंबकळला.

तरीही ती माणसं टिकली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वात जास्त छळणारी गोष्ट हीच आहे. बस्तरच्या आतल्या केंद्रांत, जिथे एमबीबीएस येऊन जात होते, तिथे आरएमए राहिले. का राहिले? बरेचसे त्याच भागातले, भाषा येणारे, हे एक कारण. पण तेवढंच असतं तर गोष्ट गोड झाली असती. दुसरं कारण कडू आहे: त्यांच्या पदवीला राज्याबाहेर आणि सरकारी केंद्राबाहेर किंमत नव्हती. एमबीबीएसला पीजी आहे, नागपूर-रायपूरची खासगी रुग्णालयं आहेत, विमानाचं तिकीटही आहे. आरएमएला आरोग्य केंद्र होतं, तेवढंच. ज्या उणिवेसाठी ही मुलं संप करत होती, तीच उणीव राज्याच्या कामी आली.

हे फक्त छत्तीसगडचं नाही. मोझांबिकने 1984 पासून शस्त्रक्रिया करणारे तंत्रज्ञ तयार केले. ते जिल्हा रुग्णालयांत सिझेरियनसुद्धा करतात. सात वर्षांनी पाहिलं तर जिल्ह्यांत नेमलेल्या डॉक्टरांपैकी तिथे एकही उरला नव्हता आणि तंत्रज्ञांपैकी शंभरातले अठ्ठ्याऐंशी होते. त्यांचीही पदवी सीमेबाहेर चालत नाही. आरोग्य धोरणाची मंडळी हे आकडे फार आनंदाने सांगतात. त्या आनंदात एक गोष्ट राहून जाते: माणूस टिकला तो आपण त्याला काही दिलं म्हणून की त्याच्या पायात दोरी होती म्हणून? दोरी असली तरी हरकत नाही असं म्हणणारा मी नाही, पण दोरी वाईट म्हणून खुर्ची रिकामी ठेवा असंही माझ्याने म्हणवत नाही. वीस हजार लोकांना जुलाबावर झिंक देणारं कुणीतरी हवं असतं, आज.

विरोध करणाऱ्या डॉक्टरांचा एक मुद्दा मात्र खोडता येत नाही. शहरातल्याला साडेपाच वर्षांचा डॉक्टर आणि आदिवासीला तीन वर्षांचा, हे कोणत्या न्यायाने? मुद्दा खरा आहे. फक्त तो मांडणाऱ्या संघटनेने शहरातला साडेपाच वर्षांचा डॉक्टर आदिवासीकडे पाठवायची काही तजवीज केली असती तर त्याला धार आली असती. परीक्षेच्या निकालाकडेही जपून पाहायला हवं. बरोबरीने गुण मिळाले याचा अर्थ दोघंही उत्तम असा होत नाही. शिवाय जुलाब, मलेरिया, न्यूमोनिया या गोष्टी ठरलेल्या चाकोरीच्या आहेत. चाकोरीबाहेरचा रुग्ण आला की साडेपाच वर्षांचं शिक्षण दिसू लागतं. पण प्राथमिक केंद्रात दहातले बहुतेक रुग्ण चाकोरीतलेच येतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने तर गावातल्या बायकांना नवजात बाळाला जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं, आणि 1999 मध्ये त्याचे निष्कर्ष 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. बालमृत्यू खरोखर खाली आले होते. छत्तीसगडनेच 2002 मध्ये पाड्यापाड्यात 'मितानिन' नेमल्या, म्हणजे आरोग्याचं काम पाहणाऱ्या तिथल्याच बायका. मितान म्हणजे तिकडे जन्मभराची मैत्री बांधण्याची रीत आहे, तिच्यावरून हे नाव. मितानिनला डॉक्टर म्हणायचं की नाही हा वाद कुणी घातला नाही, आणि तो कार्यक्रम तगला. इतका की 2005 च्या 'आशा'ची रचना करताना देशाने तिच्याकडे पाहिलं. वाद झाला तो खुर्ची आणि पाटी मागणाऱ्यांचा.

या पाटीचा इतिहास जुना आहे. आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून 'एलएमपी डॉक्टर' असा शब्द सापडतो. माझी आजी तर 'तो एलएमपी होता, पण गुण यायचा' असं म्हणायची, त्या 'पण'सकट. इंग्रजांच्या काळात वैद्यकीय शाळांतून चार वर्षांच्या आसपास शिकून ही परवानाधारक मंडळी बाहेर पडत. नागपूरला रॉबर्टसन मेडिकल स्कूल होतं; छत्तीसगडसकट सगळ्या प्रांताला तिथून डॉक्टर मिळत. पुण्याचं बी. जे. आधी अशीच शाळा होती, 1946 मध्ये तिचं महाविद्यालय झालं. त्याच वर्षी देशाच्या आरोग्यसेवेची आखणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. तेव्हा देशात नोंदलेले डॉक्टर 47 हजारांच्या वर, त्यांतले जवळजवळ 30 हजार हे परवानाधारक. म्हणजे दर पाचांतले तीन. समितीने ठरवलं की यापुढे एकच प्रकारचा, पूर्ण पदवीचा डॉक्टर तयार करायचा. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, ते मागे पडलं. स्वतंत्र होणाऱ्या देशाला दुय्यम डॉक्टर नको होता, ही भावना समजण्यासारखी आहे. पण शाळा बंद झाल्या आणि त्यांनी भरलेली गावं रिकामी झाली. त्यांची जागा ज्यांनी घेतली त्यांच्यातल्या कित्येकांनी तीन वर्षं सोडा, तीन महिनेही कुठे शिक्षण घेतलेलं नव्हतं. 2001 मध्ये छत्तीसगडने जे काढलं ते नवीन नव्हतंच. पंचावन्न वर्षांपूर्वी बुजवलेली विहीर पुन्हा उपसायला घेतली होती, एवढंच.

आसामने हीच विहीर जरा निगुतीने उपसली. 2004 मध्ये कायदा, 2005 पासून जोरहाटला तीन वर्षांची पदविका. तिथली मुलं नेमली गेली, कामाला लागली आणि 2014 मध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने तो कायदाच रद्द केला; केंद्राच्या अधिकारात राज्याने हात घातला, हेच कारण. राज्याने 2015 मध्ये दुसरा कायदा करून त्याच माणसांना वेगळ्या नावाने आणि डॉक्टरापेक्षा कमी अधिकारांनी कामावर ठेवलं. जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिला कायदा रद्द ठरवणं कायम केलं आणि दुसरा वैध मानला. तेच हात, तेच औषधं देणं, पण पाटी खाली उतरवली तर चालतं. त्याच वर्षी मे महिन्यात पश्चिम बंगालने तीन वर्षांच्या डॉक्टरकीची कल्पना पुन्हा काढली आणि आठवड्याभरात चहूबाजूंनी टीका ओढवून घेतली.

दरम्यान छत्तीसगडने इतरही मार्ग चोखाळले. केंद्रांची अवघड आणि अतिअवघड अशी वर्गवारी करून तिथे राहणाऱ्यांना जादा पैसे देणारी योजना काढली. बिजापूरला तर खाणींच्या उत्पन्नातून जिल्ह्याला मिळणाऱ्या निधीतून गलेलठ्ठ पगार देऊन तज्ज्ञ डॉक्टर आणले, आणि ज्या जिल्हा रुग्णालयातून बाळंतीण शंभर मैल पाठवावी लागायची तिथे सिझेरियन व्हायला लागलं. पैसा दिला तर डॉक्टर जंगलातही येतो, हे त्यातून दिसलं. निधी आटला किंवा अधिकारी बदलला की काय होतं, हे सांगायला तज्ज्ञ नको.

केंद्राच्या पातळीवर 2019 च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात 32 वं कलम आलं: मर्यादित परवाना असलेले 'सामुदायिक आरोग्य प्रदाते' नेमता येतील. देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले, ते कलम पुस्तकात राहिलं. आणि तरीही ते माणूस मागच्या दाराने आत आलेलंच आहे. 14 एप्रिल 2018 रोजी आयुष्मान भारतमधलं देशातलं पहिलं आरोग्यवर्धिनी केंद्र पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं ते बिजापूर जिल्ह्यातल्या जांगला इथे. उपकेंद्रात बसणाऱ्या या माणसाचं नाव समुदाय आरोग्य अधिकारी, सगळे म्हणतात 'सीएचओ'. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएस, वर सहा महिन्यांचं प्रमाणपत्र. महाराष्ट्रातही उपकेंद्रांत हेच. रक्तदाब, साखर, ताप, गरोदर बाईची तपासणी, टेलिमेडिसीनवर डॉक्टरला दाखवणं. यांच्या नावात 'अधिकारी' आहे, 'डॉक्टर' नाही.

इकडे महाविद्यालयांचा सपाटा चालूच आहे. देशात 2014 पूर्वी एमबीबीएसच्या जागा 51 हजारांच्या आसपास होत्या, दहा वर्षांत त्या लाखाच्या वर गेल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये महाराष्ट्रात एका दिवशी दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात गडचिरोलीही आहे. तिथून पहिली तुकडी 2030 च्या आसपास बाहेर पडेल. तोवर भामरागड-एटापल्लीच्या उपकेंद्रात जो रक्तदाबाचा पट्टा गुंडाळतोय तो बहुधा सीएचओ आहे, कंत्राटावर, ठरलेला पगार अधिक कामाच्या आकड्यांवर मिळणारा भत्ता. बढती कुठल्या पदावर, असं त्याला विचारलं तर तो हसतो.

ऑगस्ट 2025 मध्ये छत्तीसगड आणि महाराष्ट्र, दोन्हीकडचे राष्ट्रीय आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी एकाच सुमाराला बेमुदत संपावर गेले. इंद्रावतीच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्ही काठांवर फलकावरची पहिली मागणी एकच होती: सेवेत कायम करा.